एमएससाठी जर्मनी की अमेरिका? आणि त्यासाठी राहतं घर तारण ठेवावं का?

तासगावची_पोरगी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल, पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजातून बीई, सीजीपीए ७.८, बॅकलॉग एकही नाही. दोन वर्षं झाली चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत प्रॉडक्शनला आहे, हातात महिन्याला ३४ हजार येतात. मास्टर्स करायचं हे थर्ड इयरपासून डोक्यात आहे आणि मॅन्युफॅक्चरिंगमध्येच करायचंय. सगळे म्हणतात डेटा सायन्सला जा, पण मला मशीनवर काम करायला आवडतं, सीएनसीवर नवीन फिक्स्चर लावून पहिला पीस टॉलरन्समध्ये निघाला की दिवस चांगला जातो माझा. तर तो विषय बदलायचा नाहीये, कृपया तो सल्ला नको.

आता हातात दोन ऑफर आहेत. एक टेक्सासमधल्या स्टेट युनिव्हर्सिटीची, एमएस मेकॅनिकल, नॉन-थिसिस, म्हणजे प्रबंध न लिहिता नुसते कोर्स करायचे. आय-२० वर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) पहिल्या वर्षाचे ४४ हजार डॉलर दाखवलेत, डॉलर नव्वद धरला तर चाळीस लाख झाले आणि दोन वर्षांचे पंच्याहत्तर तरी होतील. दुसरी जर्मनीतल्या टीयू (टेक्निकल युनिव्हर्सिटी) केमनित्सची, ॲडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग, इंग्लिशमधून. ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी आणि ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे (राहण्याच्या खर्चाचे, व्हिसाआधी भरून ठेवायचे, मग दर महिन्याला ठरावीक सुटतात). एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे जर्मन व्हिसासाठीची मार्कशीट-डिग्रीची पडताळणी, आलंय. आमचे कन्सल्टंट मात्र दोन्ही सोडून बर्लिनमधल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच्या मागे लागलेत, म्हणतात केमनित्स लहान गाव आहे, बर्लिनला जा, दोनच सीट राहिल्यात, या आठवड्यात डिपॉझिट भरा.

घरची परिस्थिती अशी की पप्पांची चार एकर द्राक्षबाग आहे, गेल्या हंगामात पावसानं घडच कमी आले, सोसायटीचं पीककर्ज अजून फिटायचंय. दादा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे, त्याचे तीन वर्षांचे आयटीआर आहेत. माझी स्वतःची बचत साडेतीन लाख, आईची एफडी चार लाख. एक खाजगी फायनान्स कंपनी दादाला को-ॲप्लिकंट घेऊन विनातारण ४५ लाख द्यायला तयार आहे, १२ टक्क्यांच्या थोडं वर. उरलेल्यासाठी पप्पा म्हणतात घर आणि शेत तारण ठेवू, तू जा. घर गावठाणात आहे आणि अजून आजोबांच्याच नावावर आहे, आजोबा जाऊन सहा-सात वर्षं झाली.

पप्पा एका शब्दानं नाही म्हणत नाहीयेत आणि मला त्याचंच टेन्शन आलंय. अमेरिकेत पगार जास्त, कर्ज पटकन फिटतं असं मैत्रिणी सांगतात. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत? मास्टर्सनंतर खरंच काय परिस्थिती आहे तेही सांगा.

गेटवाला
बाकी दोन्ही सोडून एक विचारतो, गेट दिलीस का? सीओईपी किंवा आयआयटीत एमटेक केलं तर महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो आणि कर्ज शून्य. मॅन्युफॅक्चरिंगला आयआयटी मद्रास, बॉम्बेचं नाव कुठेही चालतं. बाहेर जायचंच असेल तर पुढे पीएचडीला जा, पूर्ण फंडिंगवर.

तासगावची_पोरगी
दिली होती, नोकरी करत करत. स्कोअर आयआयटीचा नाही आला. आणखी एक वर्ष देण्याची तयारी नाहीये खरं तर.

एल्बेकाठचा_पक्या
ताई, मी ड्रेस्डेनला आहे, केमनित्सहून रेल्वेनं तासा-सव्वातासावर. मास्टर्सचं दुसरं वर्ष चालू आहे, त्यामुळे आत्ताचं जे आहे ते सांगतो.

सगळ्यात आधी त्या बर्लिनवाल्या प्रायव्हेटला नाही म्हणून टाक. कन्सल्टंटला सरकारी युनिव्हर्सिटीकडून काही मिळत नाही, प्रायव्हेट कॉलेजं मात्र ॲडमिशनमागे कमिशन देतात, म्हणून 'दोनच सीट' चालू आहे. इथे नोकरी देणारा माणूस टीयू म्हटलं की ओळखतो. केमनित्स लहान आहे हे खरं, पण तुझ्या विषयाला लहान नाही. जुन्या काळी त्याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, कापडगिरण्या आणि मशीन टूल्सच्या कारखान्यांमुळे. ऑडी ज्यातून आली ती आउटो युनियन कंपनी १९३२ मध्ये तिथेच सुरू झाली. आणि आजच्या घडीला फ्राउनहोफर या संशोधन संस्थांच्या जाळ्यातली मशीन टूल्स आणि फॉर्मिंगवाली (धातूला आकार देण्याची) संस्था, आयडब्ल्यूयू, तिचं मुख्य ऑफिस केमनित्सलाच आहे. तिथे आणि युनिव्हर्सिटीच्या डिपार्टमेंटांमध्ये स्टुडंट असिस्टंट घेतात, इथे त्याला हिवी म्हणतात. फिक्स्चर, टॉलरन्स, सीएनसी हे सगळं तू चाकणला हातानं केलंयस, हा अनुभव फ्रेशर पोरांकडे नसतो, सीव्हीत तो सगळ्यात वर टाक.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंट सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२ सुटतात. युरो शंभराच्या वर गेलाय त्यामुळे सव्वाबारा लाख धर, व्हिसा, तिकीट, सुरुवातीचं सामान मिळून चौदा. पूर्वेकडच्या शहरांत भाडं कमी असतं हा मोठा फायदा. माझी हॉस्टेलची खोली २९० युरो सगळं धरून, इन्शुरन्स दीडशेच्या आसपास, किराणा दोनशेत बसतो, घरी स्वयंपाक केला तर. इथल्या टर्की दुकानात तूरडाळ, बेसन, मिरची पावडर सगळं मिळतं. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिन्याला १८.३६ आहे, ती घरटी असते, फ्लॅट शेअर असेल तर विभागून घ्यायची, नव्या पोरांना हे कोणी सांगत नाही आणि मागच्या सगळ्या महिन्यांचं बिल एकदम येतं. म्युनिकला हेच गणित पूर्ण बिघडतं. टीयू म्युनिकनं तर २०२४-२५ च्या विंटरपासून बाहेरच्या देशांतल्या पोरांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासूनच १,५०० आहे. 'जर्मनीत फुकट' हे राज्य बघून म्हणायचं.

पार्टटाइमबद्दल: मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ ला तासाला १२.८२ होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९०. पण पहिले सहा महिने काम मिळेलच असं धरून येऊ नको. भाषा येत नसेल तर गोडाऊन आणि डिलिव्हरीच उरते, थंडीत सायकलवर डिलिव्हरी करून लेक्चरला बसणं जमत नाही, अभ्यास जातो. ब्लॉक्ड अकाउंटच्या पैशात पहिलं वर्ष काढायचं असंच ठरवून ये, काम मिळालं तर ते दुसऱ्या वर्षासाठी. दुसऱ्या वर्षी रेसिडन्स परमिट वाढवताना परत पैसे दाखवावे लागतात, तेव्हा नोकरीचं काँट्रॅक्ट असेल तर उपयोगी पडतं.

एक गोष्ट लपवत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केमनित्सला परदेशी लोकांविरुद्ध मोठी गडबड झाली होती आणि तिथलं राजकारण अजूनही तसंच तापलेलं आहे. कॅम्पसवर आणि लॅबमध्ये त्रास नसतो, माझ्या ओळखीच्या तिघीजणी तिथे शिकतात आणि नीट आहेत, पण रात्री उशिरा सेंटरला एकटं फिरणं टाळतात. हे माहीत असून यावं.

डॅलसची_मावशी
अगं, मी इकडे टेक्सासमध्येच आहे, येऊन बरीच वर्षं झाली, आमच्या कंपनीत मुलाखती घेते म्हणून लिहितेय.

आधी पैशाचं. तुझ्या ऑफरमध्ये कुठली स्कॉलरशिप आहे का नीट वाच. टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटीत नियम असा आहे की स्पर्धेतून दिलेली वर्षाला किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही टेक्सासच्या रहिवाशाची फी लावता येते. हजार डॉलर म्हणजे काहीच नाही, पण त्यामुळे फी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. जागा मर्यादित असतात, तरी डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट ॲडव्हायजरला आजच मेल टाक, 'कॉम्पिटिटिव्ह स्कॉलरशिप आणि त्यासोबतचा आउट-ऑफ-स्टेट ट्यूशन वेव्हर' असं स्पष्ट लिहून विचार. न विचारता कोणी आपणहून देत नाही. रिसर्च असिस्टंटशिप थिसिसवाल्यांना आणि पीएचडीवाल्यांना आधी जाते, नॉन-थिसिसला ती मिळेल असं धरून चालू नकोस.

आता नंतरचं. मेकॅनिकल स्टेममध्ये (सायन्स-इंजिनिअरिंगच्या यादीत) येतं, त्यामुळे ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर स्टुडंट व्हिसावरच काम करायची मुभा, १२ महिने अधिक २४ महिने, एकूण तीन वर्षं. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि मेकॅनिकलच्या नोकऱ्यांचा मोठा हिस्सा डिफेन्स आणि एरोस्पेसमध्ये आहे, तिथे निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे सिटिझन किंवा ग्रीनकार्डवालेच घेतात. डॅलस-फोर्टवर्थ भागात तर अशाच कंपन्या भरपूर आहेत. माझ्याकडे येणारे चांगले चांगले रेझ्युमे मला या एका कारणानं बाजूला ठेवावे लागतात आणि वाईट वाटतं. तुझ्या मैत्रिणी जे सांगतायत ते कॉम्प्युटरवाल्यांचं, तेही चारपाच वर्षांपूर्वीचं.

आणि एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. सप्टेंबर २०२५ ला नव्या अर्जांवर १ लाख डॉलर फीचा आदेश निघाला. इथेच एफ-१ वरून (स्टुडंट व्हिसावरून) बदलणाऱ्यांना ती लागत नाही असं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं गेलं, पण लहान कंपन्या धास्तावल्या त्या धास्तावल्याच, 'स्पॉन्सरशिप लागणार का' या प्रश्नाला हो म्हटलं की बोलणंच थांबतं बऱ्याच ठिकाणी. त्याच वर्षी मे-जूनमध्ये व्हिसाच्या नवीन अपॉइंटमेंटही तीन आठवडे बंद होत्या, ज्यांनी कर्जं काढून ठेवली होती त्या पोरांचे हाल मी बघितलेत.

अमेरिका वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, मला या देशानं खूप दिलंय. पण पंचाहत्तर लाख, मेकॅनिकल, नॉन-थिसिस आणि घर तारण या चार गोष्टी एकत्र असतील तर माझ्या भाचीला मी पाठवणार नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
पोरी, मी सरकारी बँकेत तीस वर्षांहून जास्त काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कागदाचं बोलतो.

शेत तारण ठेवू म्हणतात ते विसर. शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन घेत नाहीत, कारण २००२ चा सर्फेसी कायदा, ज्याखाली बँक कोर्टात न जाता तारण विकू शकते, तो शेतजमिनीला लागू नाही. एनए (बिगरशेती) प्लॉट, शहरातला फ्लॅट, एफडी, विमा पॉलिसी हे चालतं. गावठाणातल्या घराला सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड लागतं, नसेल तर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर बऱ्याच शाखा पुढं सरकत नाहीत. त्यातून ते आजोबांच्या नावावर. म्हणजे आधी वारस नोंद, मग सगळ्या वारसांच्या सह्या, आत्या असतील तर त्यांच्यासुद्धा, मग वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मग व्हॅल्युएशन. ऑगस्टच्या आत हे होणं कठीण. कर्ज काढा न काढा, वारस नोंद मात्र करून घ्या, ती राहिली की पुढच्या पिढीत भांडणं होतात.

आता खाजगी कंपनीचे ४५ लाख. १२ टक्के धर. निम्मे पैसे पहिल्या वर्षी, निम्मे दुसऱ्या वर्षी उचललेस आणि कोर्सची दोन वर्षं अधिक सहा महिने हप्ता भरला नाहीस तर तोपर्यंत साधं व्याजच पावणेअकरा लाखांच्या वर जातं. मुद्दल धरून झाले छप्पन्न लाख. दहा वर्षांची परतफेड घेतली तर महिन्याचा हप्ता ८० हजार. डॉलरमध्ये पगार असेल तर झेपेल. परत यावं लागलं तर? चाकणला तू ३४ हजारांवर आहेस, परदेशी डिग्री घेऊन आलीस तर साठ-सत्तर मिळतील समज, तरी हप्ता भरता येणार नाही आणि को-ॲप्लिकंट म्हणून तुझा दादा अडकेल, त्याला स्वतःला घरकर्ज मिळणार नाही. मी प्रत्येक पालकाला समोर बसवून हेच विचारायचो, की मुलगा उद्या परत आला तर इथल्या पगारात हप्ता जाईल का? उत्तर नाही आलं तर मी फाइल पुढं पाठवायला कचरायचो. कित्येकांना राग यायचा.

त्याच फुटपट्टीनं जर्मनी बघ. गरज चौदा लाखांची, तुझे साडेतीन आणि आईंचे चार मिळून साडेसात आहेतच. राहिले साडेसहा, फार तर सात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, जामीनदार मागतील इतकंच. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम कर्जात धरतात, शाखेत आधी विचारून घे. पूर्ण साडेसात घेतलेस, साडेदहा टक्के व्याज, तीन वर्षं काहीच भरलं नाहीस, तरी नंतरचा हप्ता १३ हजारांच्या आसपास बसतो. तो तू आजच्या पगारातसुद्धा भरू शकतेस.

आणखी काही गोष्टी. सोसायटीचं पीककर्ज थकीत दाखवत असेल आणि पप्पा को-ॲप्लिकंट असतील तर सिबिलला अडचण येईल, म्हणून दादालाच घ्या, शेतीच्या उत्पन्नाला आयटीआर नसतो हाही प्रश्न सुटतो. शिकत असताना जमेल तसं व्याज भरत राहा, घरून महिन्याला पाच-सहा हजार गेले तरी पुढचं ओझं वाढत नाही. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापत नाहीत. आणि आयकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, कमाल मर्यादा नाही. कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स स्वतःच्या नावानं काढ, चोवीस-पंचविसाव्या वर्षी हप्ता नगण्य असतो. हे बोलायला बरं वाटत नाही पण आईवडिलांच्या डोक्यावर राहू नये.

एक्सप्रेस_नागपूर
ताई, कर्जाआधी शिष्यवृत्तीचं बघितलं का? मी समाजकल्याण विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर यूकेत मास्टर्स केलं. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, फी युनिव्हर्सिटीला जाते आणि वर्षाचा निर्वाह भत्ता यूकेला ९,९०० पौंड, इतर देशांना १५,४०० डॉलर असा होता. माझे बाबा ऑटो चालवतात, आमच्या घरी बँकेचा माणूससुद्धा कर्जासाठी आला नसता. ओबीसी-भटक्यांसाठी, आदिवासींसाठी, खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या योजना आहेत. तू मराठा-कुणबी असशील तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीजही आहे, पात्र असलेल्यांनी दोन्हीकडे अर्ज करावा.

आमच्या घरी या नावांना फार मान आहे. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, आणि १९२० ला परत लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये असं सगळं जोडून. पैशाची जुळवाजुळव करून शिकण्यात कमीपणा नाही ताई, आपल्याकडच्या सगळ्यात शिकलेल्या माणसानं तेच केलं.

अडचण एकच दिसते, सारथीला क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये दोनशेच्या आतली युनिव्हर्सिटी लागते, केमनित्स त्यात बसत नाही. जर्मनीत आखेन बसतं आणि तिथे ट्यूशन फीही नाही. एक वर्ष थांबून आखेनला अर्ज करून सारथी घ्यायची हाही रस्ता आहे. थांबायचं नसेल तर ट्रस्टचं बघ, जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून लोन स्कॉलरशिप देतंय, के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया यांची बिनव्याजी असते. त्यांचे फॉर्म साधारण जानेवारी ते मार्चमध्ये असतात. इतर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, डोमिसाइल आणि अनकंडिशनल ऑफर लेटर एवढं जाहिरात यायच्या आधी फाइलला लावून ठेवायचं. अटी दरवर्षी थोड्या बदलतात, चालू वर्षाची जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

श्टुटगार्टकर
सगळे जर्मनी जर्मनी करतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी इथे ऑटोमोटिव्हमध्येच आहे.

एक, कागदावर चार सेमिस्टर असतात, पण आपली बरीच पोरं पाच-सहा घेतात. इंटर्नशिप सहा महिने, थिसिस सहा महिने, मध्ये एखादा पेपर राहतो. पेपर बहुतेक ठिकाणी तीनदाच देता येतो, तिसऱ्यांदा उडाला तर ॲडमिशन रद्द होते आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. म्हणून बजेट दोन वर्षांचं नाही, अडीच-तीन वर्षांचं कर. दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येणार हे आजच कागदावर मांड.

दोन, इथली ऑटो इंडस्ट्री सध्या आजारी आहे. फोक्सवागननं डिसेंबर २०२४ ला युनियनबरोबर करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, झेडएफनं २०२८ पर्यंत १४ हजारांपर्यंत. माझ्या डिपार्टमेंटला नवीन भरती बंद आहे. मास्टर्सनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते भरपूर आहेत, पण इंग्लिशवर मेकॅनिकलला नोकरी मिळणं आता फार अवघड झालंय. शॉपफ्लोअरवर तर जर्मनच लागतं, तिथला मुख्य कारागीर तुझ्याशी इंग्लिशमध्ये बोलणार नाही. भाषेच्या ए१ ते सी२ पायऱ्यांपैकी बी२ पाहिजे, सी१ असेल तर दार उघडतं. इंग्लिश कोर्सला ॲडमिशन मिळाली म्हणून ए१ वर विमानात बसणारी पोरं मी दरवर्षी बघतो, दोन वर्षांनी ती त्याच चुकीची किंमत मोजत असतात. मेडिकल डिव्हाइस, रेल्वे, पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या लहान कंपन्या अजून माणसं घेतायत, त्या गावाकडे असतात आणि तिथे भाषेशिवाय चालतच नाही.

एवढं सगळं असूनही तुझ्या आकड्यांत मी जर्मनीच म्हणेन, कारण शाखाधिकारी काकांनी मांडलेला हप्ता. पण 'स्वस्त आहे' म्हणून नको, भाषेचा अभ्यास दुसरी डिग्री समजून करायची तयारी असेल तर.

एल्बेकाठचा_पक्या
भाषेबद्दल १०० टक्के सहमत. पुण्यात आहेस तर मॅक्सम्युलर भवन नाहीतर रानडे इन्स्टिट्यूट. आणि इथे नाव नोंदवल्यावर डॉइचलंड-स्टिपेंडियमचा फॉर्म भर, गुणवत्तेवर असते, महिन्याला ३०० युरो.

तासगावची_पोरगी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं.

काका, तुमची पोस्ट मी काल रात्री फोनवर पप्पांना पूर्ण वाचून दाखवली. ८० हजाराच्या आकड्याला ते गप्प झाले, मग म्हणाले आत्यांच्या सह्या मागायला जायचं नाही मला. दादा मात्र म्हणाला मी सही करायला तयार होतो, आत्ता कळतंय कशावर करणार होतो. वारस नोंदीचं पप्पा सोमवारी तलाठ्याकडे जाणार आहेत.

मावशी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मेल टाकला होता, त्यांचं लगेच उत्तर आलं की नॉन-थिसिसला या वर्षी स्कॉलरशिप शिल्लक नाही. त्यामुळे टेक्सासला नाही कळवलं. सारथी आणि आखेनचा विचार केला, पण वर्ष थांबायचं नाही यावर ठाम आहे, केमनित्सचा कोर्स मला खरंच आवडलाय, मी त्याची मॉड्यूल लिस्ट बसून वाचलीय आणि फॉर्मिंगचे विषय दुसरीकडे एवढे नव्हते. कन्सल्टंटला पण नाही सांगितलं, ते जरा रागावले.

जर्मन ए२ झालंय, बी१ ची बॅच या आठवड्यात लावतेय, संध्याकाळी सातची, चाकणहून पोचायला धावपळ होईल पण कंपनीची बस निगडीला सोडते, तिथून बघते. आता शेवटचे दोन प्रश्न: हॉस्टेलला अर्ज व्हिसा आल्यावर करायचा का? आणि ब्लॉक्ड अकाउंट आधी की बँकेचं कर्ज मंजूर व्हायची वाट बघू?

एल्बेकाठचा_पक्या
हॉस्टेलचा अर्ज आजच कर, व्हिसाची वाट बघू नको. स्टुडंटेनवेर्कच्या (हॉस्टेलं चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर थेट भरायचा, एजंट नको. ऑक्टोबरला सगळे एकदम येतात आणि खोल्या संपतात. फोटोतली सुंदर खोली दाखवून आधी डिपॉझिट मागणारे लोक ऑनलाइन भरपूर आहेत, काँट्रॅक्ट हातात आल्याशिवाय एक युरो पाठवू नकोस.

ब्लॉक्ड अकाउंट उघडून ठेव, त्याला एकदोन दिवस लागतात. पैसे मात्र कर्ज मंजूर झाल्यावर बँकेतूनच थेट जाऊ देत, म्हणजे काका म्हणाले तसा टीसीएसचा प्रश्न येत नाही. पैसे पोचल्याचं कन्फर्मेशन व्हिसाच्या फाइलला लागतं, त्या हिशोबानं अपॉइंटमेंटची तारीख घे.

निवृत्त_शाखाधिकारी
बरोबर. शाखेत जाताना ऑफर लेटर, एपीएस, दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, दादाच्या तीन सॅलरी स्लिप आणि दोन वर्षांचा फॉर्म १६, आणि खर्चाचा तक्ता युरो आणि रुपये दोन्हीत करून ने. कोर्सला फी नाही म्हटल्यावर काही शाखांत सिस्टिमला रक्कम टाकताना अडतात, 'राहण्याचा खर्च' या रकान्यात ब्लॉक्ड अकाउंट दाखवा असं सांग. तरी नाही म्हणाले तर विभागीय कार्यालयात एज्युकेशन लोनचा वेगळा डेस्क असतो, तिथे जा. काही अडलं तर इथे लिही, मी रोज सकाळी बघतो.